पांगुळगाडा आणि पॅकेज

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक खोड असते. कुठलंही काम अंगावर आलं की आधी विचारायचं, "यासाठी बेस्ट टूल कुठलं?" काम नेमकं काय आहे ते मग बघू. हापिसात ही खोड खपून जाते. फार तर क्लायंटचे चार पैसे आणि आपले दोन वीकांत वाया जातात. पण हीच खोड घेऊन एखादा बाप आपल्या बाळासाठी थेरपी शोधायला बसला, तर बाळाचे महिने जातात, आणि ते काही कुठल्या बॅकअपमधून परत आणता येत नाहीत.

माझ्या भाच्याच्या निमित्ताने आमच्या घराने या विषयात तीन वर्षं घालवली आहेत. ही बातमी हापिसात फुटल्यापासून दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा ना कुणाचा फोन येतो. मित्राचा मित्र, टीममधल्या मुलीचा दीर, असे. बाळ मान धरत नाही, बसत नाही, एक पाय ओढतं. आणि प्रश्न ठरलेला: "अमुक थेरपी चांगली का तमुक? पुण्यात बेस्ट कोण करतं?" मला वाटतं हा शोधच चुकीच्या टोकाने सुरू होतो. शोधायचा असतो तो माणूस. तोही असा, की जो बाळाला 'बरं करून देतो' असं कंत्राट घेण्याऐवजी तुमच्या घराला शिकवेल. हे फोनवर सांगितलं की समोरच्याचा आवाज पडतो, कारण त्याला नाव आणि पत्ता हवा असतो. म्हणून आज जरा ऐसपैस लिहितोय. (मी डॉक्टर नाही, हे एकदाच सांगून ठेवतो. बाळाला तपासणारा माणूस तुमच्यासमोर असेल, मी नाही.)

आधी 'उशीर' म्हणजे किती ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली धडधाकट मुलं कधी काय करायला लागतात याचे आकडे प्रसिद्ध केले. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतली मुलं त्यात होती. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने. एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिने! म्हणजे नवव्या महिन्यात चालणारं आणि सतराव्या महिन्यात चालणारं, दोन्ही पोरं नॉर्मल. रांगण्याची तर अजून गंमत. शंभरातली चार-एक मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, त्यांनी ती पायरी गाळली. त्यामुळे शेजारच्या काकूंचा नातू दहाव्या महिन्यात चालला म्हणून तुमची झोप उडायचं कारण नाही. बाळ दिवस भरायच्या आधी आलं असेल तर जितके आठवडे आधी आलं तितके वजा करून मग वय मोजायचं, हेही ध्यानात ठेवा.

पण याच आकड्यांचा आधार घेऊन घराघरांत "होईल गं हळूहळू, हिचा नवरासुद्धा दीड वर्षांनीच चालला" हे सुरू होतं, आणि तिथे घात होतो. आकडे 'कधी' याचे आहेत. 'कसं' हा प्रश्न वेगळा आहे आणि बऱ्याचदा तोच महत्त्वाचा असतो.

माझा भाचा तिसाव्या आठवड्यात जन्माला आला. सात-आठ महिन्यांचा असताना सगळे कौतुक करायचे की बघा, खुळखुळा कसा उजव्या हातानेच घेतो, आत्तापासून हात ठरलाय पठ्ठ्याचा! डाव्या हाताची मूठ मिटलेली असायची. लसीच्या वेळी बालरोगतज्ज्ञ बाईंनी खुळखुळा मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूने पुढे केला. त्याने उजवा हात छातीवरून ओलांडून आणला आणि खुळखुळा घेतला. बाईंनी तीनदा करून पाहिलं. मग पेन खाली ठेवलं. वर्षाच्या आतल्या बाळाने एक हात 'ठरवणं' हे हुशारीचं लक्षण नसतं, त्या वयात दोन्ही हात सारखेच चालायला हवेत. एक हात मागे राहत असेल तर तो मेंदूच्या एका बाजूकडून आलेला निरोप असू शकतो. पुढे एमआरआयमध्ये तेच निघालं. डाव्या बाजूची सेरेब्रल पाल्सी, सौम्य.

अशी आणखी काही लक्षणं आहेत जी पाहिली की आकड्यांच्या खिडकीकडे बघत बसू नये. अंग कापडासारखं लुळं किंवा फळीसारखं ताठ. उभं धरलं की पायांची कात्री. आणि सगळ्यात गंभीर म्हणजे जे येत होतं ते यायचं बंद होणं. बसणारं बाळ बसायचं थांबलं तर फिजिओथेरपीचं क्लिनिक शोधायचं नसतं, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा असतो. मुलगा अठरा महिने उलटूनही चालत नसेल, किंवा मोठा झाल्यावर जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात रोवत वर चढत असेल, तर सीपीके नावाची साधी रक्ततपासणी करून घ्यावी. डुशेन नावाचा स्नायूंचा आजार त्यात पकडता येतो. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीवर तर आता औषधं आहेत आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकी जास्त उपयोगी पडतात. या पोरांना सहा महिने "थोडा व्यायाम करून बघू" म्हणत फिरवणं म्हणजे गुन्हा आहे. थेरपी शोधण्याआधी कारण शोधायला सांगणारा डॉक्टर हवा, तो असा.

आता याच्या उलट बाजूचाही एक घोळ आहे. कारणाचं नाव पक्कं होईपर्यंत काहीच सुरू करायचं नाही, असं मानणारे पालक (आणि डॉक्टरही) आहेत. पूर्वी सेरेब्रल पाल्सीचं निदान साधारण एक ते दोन वर्षांच्या दरम्यान व्हायचं. २०१७ साली 'जामा पीडियाट्रिक्स'मध्ये आयोना नोवाक आणि अनेक देशांतल्या सहकाऱ्यांनी लिहिलं की जोखमीच्या बाळांमध्ये हे सहा महिन्यांच्या आतच बऱ्यापैकी खात्रीने कळू शकतं. त्यातली एक पद्धत तर इतकी साधी आहे की आपल्यासारख्याला ऐकून शरम वाटावी. बाळाला उताणं ठेवायचं, वरून काही मिनिटं व्हिडिओ काढायचा, आणि शिकलेल्या माणसाने त्याच्या हालचालींची वीण नुसती डोळ्यांनी पाहायची. हाइन्झ प्रेष्टल यांनी ही पद्धत घडवली. तीन-चार महिन्यांच्या बाळाच्या अंगात एक बारीक, सतत चाललेली चुळबुळ असते. ती नसेल तर धोका. ना मशीन लर्निंग, ना वायर. आणि निदानावर शिक्का बसला नसला तरी 'मोठी जोखीम आहे' एवढं म्हणून काम सुरू करावं, हा त्या लेखाचा आग्रह आहे. वाट पाहण्याने बाळाचा काहीच फायदा नसतो.

तर आता बाजारात येऊ.

जालावर बसलात की अर्ध्या तासात तुम्हाला डझनभर नावं सापडतील. त्यांच्या जन्मकथा मला फार आवडतात, कारण प्रत्येक थेरपीच्या मागे एक जिद्दी माणूस असतो. बर्लिनहून लंडनला पळून आलेल्या बर्टा बोबाथ आणि त्यांचे डॉक्टर पती कारेल. १९४०च्या दशकात त्यांनी बाळाचं अंग हातांनी धरून, ताठरपणा मोडत, 'योग्य' हालचाल घडवायची पद्धत सुरू केली. आपल्याकडच्या पाट्यांवर जे 'एनडीटी' दिसतं ते हेच. चेकोस्लोव्हाकियाचे व्होयटा, ज्यांनी शरीरावरच्या ठरावीक जागा दाबून हालचाल जागी करायचा प्रयत्न केला. बुडापेस्टचे आंद्राश पेटो. १९८६ साली बीबीसीने त्यांच्या संस्थेवर 'स्टँडिंग अप फॉर जो' हा माहितीपट दाखवला आणि इंग्लंडमधले आईबाप पोरं उचलून हंगेरीला निघाले. गाव सोडून मुलाच्या थेरपीसाठी मुंबई-पुण्यात भाड्याने राहणारी कुटुंबं मी पाहिली आहेत, तेव्हा हे काही आपल्याच नशिबी आलेलं नाही. आणि एक तो रबरी पट्ट्यांचा सूट. त्याचा पूर्वज चक्क सोव्हिएत अंतराळवीरांचा 'पेंग्विन' सूट आहे! अवकाशात स्नायू झिजू नयेत म्हणून केलेला. आपल्यातल्या कुठल्या इंजिनियरला हे ऐकून मोह होणार नाही?

पण कथा चांगली असणं वेगळं आणि उपयोग होणं वेगळं. त्याच नोवाकबाईंनी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये सेरेब्रल पाल्सीवरच्या सगळ्या उपचारांचे पुरावे गोळा करून त्यांना सिग्नलचे रंग दिले. हिरव्यात कोण आहेत पाहा. मुलाला स्वतःला जे काम करायचंय त्याचाच सराव. दोन्ही हातांचा सराव. चांगला हात थोडा वेळ बांधून दुसऱ्याला कामाला लावणं. घरी करायचा नीट आखलेला कार्यक्रम. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: हालचाल बाळ करतं. लाल किंवा लालसर भागात जी मंडळी आहेत तिथे बहुतेक वेळा हालचाल थेरपिस्ट करतो आणि बाळ 'करवून घेतं'. बोबाथ पद्धतीच्या मूळ रूपालाही तिथे जागा मिळाली. यावरून थेरपिस्ट मंडळींत मोठं भांडण झालं, अजून आहे. न्याय म्हणून सांगितलं पाहिजे की आजच्या अनेक एनडीटीवाल्या बाई जुन्या पद्धतीने काम करत नाहीत. आमच्या भाच्याच्या ज्या थेरपिस्ट आहेत त्यांच्या भिंतीवरही ते सर्टिफिकेट आहे. म्हणूनच म्हणतो, पाटी वाचून काही कळत नाही. तासाभरात त्या खोलीत काय घडतं ते बघा. बाळ घाम गाळतंय का बाई?

ऑक्सिजनच्या टाकीचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जास्त दाबाचा ऑक्सिजन दिला की मेंदू जागा होतो, असा दावा होता. आपल्याकडे अजूनही विकला जातो. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १११ मुलांवर याची नीट चाचणी झाली, २००१ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. निम्म्या मुलांना दाबाखालचा ऑक्सिजन, निम्म्यांना किंचित दाबाची साधी हवा, प्रत्येकी चाळीस वेळा. निकाल? दोन्ही गट सुधारले. सारखेच! म्हणजे ज्या आईबापांनी शपथेवर सांगितलं असतं की "आमच्या पोराला टाकीने फरक पडला" ते खोटं बोलत नव्हते. फरक खरंच पडला होता, फक्त टाकीने नव्हे. मूल वाढत असतं, शिकत असतं, आईबाप अचानक रोज दोन तास त्याच्यासोबत असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे 'आधी आणि नंतर'चे व्हिडिओ बघताना मला दर वेळी ती साधी हवा आठवते.

स्टेम सेलबद्दल एकच वाक्य. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांत होणारं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळं फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीतच करता येतं, 'उपचार' म्हणून विकता येत नाही. लाखो रुपये मागणारा माणूस समोर असेल तर एवढं माहीत असलेलं बरं.

आता आपल्या आवडीचं, गणित. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२० साली हिशेब मांडला की सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला हाताचं एक ठरावीक काम, म्हणजे चमचा धरणं, बाहीत हात घालणं असलं काही, जमायला साधारण १४ ते २५ तासांचा सराव लागतो. आता आठवड्याला पाऊण तासाची दोन सेशन्स धरा. दीड तास. २५ तासांना सतरा आठवडे लागतील, तेही एकही सुट्टी, सर्दी किंवा गणपती न येता. आणि त्या पाऊण तासातला थोडा वेळ रडण्यात जातो, थोडा ओळख करून घेण्यात. त्याऐवजी घरी रोज वीस मिनिटं जोडली तर आठवड्याला पावणेचार तास होतात आणि तेच काम साडेसहा आठवड्यांवर येतं. थेरपिस्ट तीच, फी तीच. म्हणून ज्या सेंटरमध्ये "पालकांनी बाहेर बसावे" अशी पाटी असते तिथून मी उठून यायला सांगतो. भाच्यासाठी आम्ही सुरुवातीला पाहिलेल्या एका सेंटरमध्ये साठ सेशन्सचं पॅकेज होतं, आगाऊ भरल्यास दहा टक्के सूट, आणि आईला आत प्रवेश नाही. साठ सेशन्सनंतर काय जमलेलं असेल, असं माझ्या बहिणीने विचारलं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, इम्प्रूव्हमेंट येते." कशात? "ओव्हरऑल." आमच्या धंद्यात असं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट लिहून दिलं तर बॉस तोंडावर फेकेल.

शेवटी ज्या बाई मिळाल्या त्यांनी पहिल्या दिवशी भाच्याला हातच लावला नाही. वीस मिनिटं आजीला विचारत होत्या, हा दिवसभर काय करतो, त्याला काय आवडतं, तुम्हाला सगळ्यात आधी काय जमायला हवंय. आजी म्हणाली, "बाटली दोन हातांनी धरू दे." झालं, तेच पहिलं ध्येय. स्वीडनमध्ये आन-क्रिस्टिन एलिआसन यांनी बाळांसाठी एक पद्धत बसवली आहे. चांगल्या हाताला पातळ मोजा, रोज अर्धा तास, आठवड्यातून सहा दिवस, सहा आठवडे, मध्ये सुट्टी, पुन्हा सहा आठवडे. करणार कोण? आईबाप, घरीच, थेरपिस्ट येऊन बघून जाणार. छोट्याशा अभ्यासात या गटाची तुलना चक्क बाळ-मालिशशी केली होती आणि मोजावाल्यांचा मागे पडलेला हात जास्त सुधारला. (आमच्या मालिशवाल्या मावशींना हे सांगायची हिंमत कुणाची नाही. मालिश चालू आहे, बाळाला आवडते, त्याने काही बिघडत नाही.) आमच्या बाईंनी याच धर्तीवर कार्यक्रम आखून दिला. स्वतःच्या मनाने मात्र कुणी पोराचा हात बांधू नका. किती वेळ, कुठल्या वयात, रडलं तर काय, हे बघायलाच तर त्या बाई असतात.

पांगुळगाड्याचं नाव मथळ्यात दिलंय ते यासाठी. आपल्याकडे आजकाल बारशाला हमखास एक प्लॅस्टिकचा वॉकर येतो, गोल, चाकांचा, मध्ये बाळाला बसवायचं. कॅनडाने २००४ साली त्याच्यावर बंदी घातली, मुख्यतः जिन्यावरून पडणाऱ्या पोरांमुळे. पण मला त्याचा दुसरा दोष मोठा वाटतो. त्यात बाळ बसलेलं असतं. तोल सांभाळायचं काम खुर्ची करते. आजोबांच्या काळचा लाकडी पांगुळगाडा आठवा: बाळ स्वतः उभं, स्वतः धरलेलं, स्वतः ढकलणारं, आणि धपकन बसलं तर पुन्हा स्वतःच उठणारं. मागे एक मोठं माणूस वाकून चालतंय. थेरपी निवडताना मी मनातल्या मनात एवढंच विचारतो, हा वॉकर आहे का पांगुळगाडा?

हे सगळं घरावर आलं की आपल्याकडे 'घर' म्हणजे आई. हा मला या विषयातला सगळ्यात कडू भाग वाटतो. होम प्रोग्रॅमचा कागद आईच्या हातात, अपराधीपणाही तिच्याच पदरात, आणि चार महिन्यांत नोकरीचा राजीनामा. बाप 'रिसर्च' करतो! म्हणजे रात्री लॅपटॉपवर नवी थेरपी शोधतो आणि सकाळी बायकोला फॉरवर्ड करतो. माझ्या बहिणीने पहिल्याच आठवड्यात कागद फ्रिजवर लावला आणि त्यावर नावं घातली. सकाळची वीस मिनिटं मेव्हण्यांची, आंघोळ आणि कपडे तिचे, संध्याकाळ आजोबांची. आजोबांनी तर थेरपीचं नावही घेतलं नाही. डब्याची झाकणं उघडायची, वाट्या एकात एक घालायच्या, थोडा मोठा झाल्यावर मटार सोलायचे. मटार एका हाताने सोलून दाखवा, मग कळेल ती किती भारी थेरपी आहे ते. भाचा आता साडेतीन वर्षांचा आहे. डावा हात मदतनीसाचं काम बऱ्यापैकी करतो. शर्टाची बटणं अजून जमत नाहीत. पळताना डावा कोपर वर जातो, तो बहुधा जाईलच.

आणि सगळ्यांचं इतकं सौम्य नसतं, हे न लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या गटाने १९९७ साली सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या हालचालींचे पाच स्तर मांडले. पहिल्यात मूल चालतं, पळतं. पाचव्यात मान सावरायलाही आधार लागतो. २००२ साली त्यांनीच ६५७ मुलांच्या नोंदींवरून दाखवलं की कुठल्या स्तरातलं मूल साधारण कुठवर पोचतं, आणि चालण्याबसण्याच्या क्षमतेतला बहुतेक भाग पाचव्या वर्षाच्या आतच गाठला जातो. तुमच्या थेरपिस्टला विचारा, "आमचं मूल कुठल्या स्तरात?" जो थेरपिस्ट हे टाळतो आणि पाचव्या स्तरातल्या मुलाच्या बापाला चालवून दाखवायचं आश्वासन देतो, तो तुमच्या आशेवर धंदा करतोय. अशा मुलाला लवकर मिळालेली नीट मापाची व्हीलचेअर, मान टेकायला जागा असलेली खुर्ची, बोलायला चित्रांचा तक्ता ही सगळी थेरपीच आहे, हार नव्हे. त्याच गटातले पीटर रोझेनबॉम २०१२ पासून सांगताहेत की कुटुंब, मजा, मित्र यांनाही ध्येयात जागा द्या. सात वर्षांचं मूल शाळेनंतर रोज तीन तास व्यायामात घालवत असेल तर ते खेळणार कधी?

आणखी एक कामाची गोष्ट, जी फार कमी पालकांना सांगितली जाते: खुब्याचा एक्स-रे. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण एक तृतीयांश मुलांत खुब्याचं हाड जागेवरून सरकतं. पहिल्या स्तरात जवळपास कुणाचंच नाही, पाचव्या स्तरात दहातल्या नऊ जणांचं. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कळत नाही. ठरावीक अंतराने एक्स-रे काढत राहणं एवढाच उपाय. किती महिन्यांनी, ते स्तरावर ठरतं. तारीख डॉक्टरांकडून घ्या आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका.

बरं, पत्ते. थोडेसे देतोच, नाहीतर शिव्या खाईन. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. मिठू अलूर यांनी १९७२ साली सुरू केलेली स्पास्टिक्स सोसायटी आता 'अडॅप्ट' नावाने ओळखली जाते. 'उम्मीद' हे बालविकास केंद्र २००१ पासून. ऑक्युपेशनल थेरपी या नावाने बिचकू नका, तिचा नोकरीशी संबंध नाही. जेवण, कपडे, खेळ, लिहिणं अशा रोजच्या कामांसाठी शरीर तयार करण्याची ती विद्या आहे, आणि आशियातलं तिचं पहिलं विद्यालय १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये कमला निंबकरांनी काढलं. फलटणचं कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाचं. हाताच्या अडचणीसाठी अनेकदा फिजिओपेक्षा याच बाई लागतात. महाराष्ट्रात दोघांचीही राज्य परिषदेकडे नोंदणी असते, नंबर विचारायला लाजू नये.

आणि आपल्या वर्गाला न सुचणारा पत्ता म्हणजे जिल्हा रुग्णालय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात जिल्ह्याच्या ठिकाणी 'डीईआयसी' म्हणजे लहान मुलांचं निदान आणि लवकर उपचार करणारं केंद्र असतं. बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, कान-डोळे तपासणारे एका छताखाली, फुकट. सगळीकडे सगळी पदं भरलेली असतील असं मी म्हणणार नाही. पण "आपण काय सिव्हिलला जायचं?" म्हणून पायरीच न चढणं हा शुद्ध माज आहे. एका मित्राने बाळाची पहिली संपूर्ण तपासणी तिथेच करून घेतली आणि तिथल्या फिजिओनेच त्याला घराजवळचं चांगलं नाव सांगितलं.

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या एका वर्गमित्राला हे ऐकून आश्चर्य वाटलं. त्यांच्याकडे १९८६च्या कायद्याने तीन वर्षांखालच्या मुलांसाठी सोय केलेली आहे, आणि नाव कळवल्यापासून ४५ दिवसांच्या आत तपासणी करून कुटुंबासोबत आराखडा ठरवायचा असं बंधन आहे. त्याच्या मुलीला थेरपिस्ट घरी येऊन शिकवून जायची. त्याने ऑनसाईट टिकून राहायला धडपड केली त्याचं अर्धं कारण हेच होतं, पगार नव्हे. आपल्याकडे २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे, चांगला आहे, पण असा ४५ दिवसांचा घड्याळकाटा तो कुणाच्या मागे लावत नाही. म्हणून मग घरातल्याच कुणालातरी प्रोजेक्ट मॅनेजर व्हावं लागतं.

पैशाचं सांगून थांबतो. आपला कंपनीचा मेडिक्लेम सहसा ऑपरेशनला पैसे देतो, थेरपीला नाही, कारण बाळ रात्री अ‍ॅडमिट होत नाही. नॅशनल ट्रस्टची 'निरामय' योजना सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम वगैरे असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण देते, त्यात थेरपीचाही काही भाग बसतो, आणि आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. दिव्यांग प्रमाणपत्र काढायला आईबाप कचरतात, 'शिक्का बसेल' म्हणून. पण या दारांची किल्ली तोच कागद आहे. आयकरातली वजावट हवी असेल तर ती जुन्या करपद्धतीतच आहे, नव्या पद्धतीत ती मिळत नाही, तेव्हा मार्चमध्ये टिक करण्याआधी हिशेब करा. आणि कंपनीला विचारा. जिमची मेंबरशिप देतात, दातांची तपासणी देतात, तर मुलांच्या थेरपीचा खर्च पॉलिसीत का नाही? एकट्याने विचारलं तर एचआर हसून टाळतं. आम्ही अकरा जणांनी मिळून मेल टाकलाय, त्यातल्या सात जणांना मुलंही नाहीत. पॉलिसी एप्रिलमध्ये रिन्यू होते. अजून उत्तर आलेलं नाही, पण परवा फायनान्सकडून कुणीतरी विचारून गेलं की अंदाजे किती कुटुंबं असतील.